ताटावरचा हात

आमच्या घरात कुणाला काही मागायची पाळी येत नाही, हे सासूबाईंनी लग्नाच्या बोलणीतच ठणकावून सांगितलं होतं. मला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं. ही नुसती बढाई नव्हती हे नंतर कळलं. पंगत असो की घरचीच माणसं, त्या वाढायला उभ्या राहिल्या की त्यांची नजर ताटावरून हलत नाही. वरण संपायच्या आत वरण, पोळी अर्धी असतानाच दुसरी. तुम्ही ताटावर हात आडवा धरून कितीही 'पुरे, पुरे' म्हणा, बोटांच्या फटीतून तूप येणारच. आमच्याकडे ताटावरच्या हाताचा अर्थ 'नको' असा नसतोच. 'मी आपला शहाण्यासारखा नाही म्हणतो, तुम्ही आता आग्रह करा', असा असतो. आमच्या माणसांना जबलपुरात येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, हिंदीनं घरातली अर्धी मराठी खाल्ली, पण आग्रह तसूभर कमी झाला नाही.

अशा घरात माझी लेक जन्मली. तीन वर्षांची होऊन गेली तरी तोंडातून एक शब्द नाही. तिनं नुसती मान वळवली की पाण्याची बाटली घेऊन सासूबाई हजर. कुणालाच कळलं नाही तर ती माझं मनगट धरून ओढायची. तेही जमलं नाही तर जमिनीवर पडून अशी रडायची की खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून वर यायची. त्या रडण्यातला फरक फक्त मला कळायचा. हे भुकेचं, हे झोपेचं, हे फ्रॉकच्या गळ्यातला टॅग टोचतोय त्याचं. नवरा रिछाईतल्या कारखान्यातून घामाघूम होऊन यायचा आणि विचारायचा, "काय म्हणून राहिली ही?" मी फाडफाड सांगायचे.

अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू! पण त्याच वेळी काळजीही वाटायची. मी शाळेत शिकवते, आणि माझी बिनपगारी रजा संपत आली होती. मी गेल्यावर दिवसभर हिचं मन कोण ओळखणार? तिचं बोलणं कळणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते माणूस सकाळी डबा घेऊन निघून जाणार होतं.

डॉक्टरांनी तिच्या तपासण्या केल्या, ऐकू नीट येतं याची खात्री केली, ऑटिझम असल्याचं सांगितलं आणि बिहेवियर थेरपी सुरू करायला लावली. थेरपीची दीदी आमच्यातलीच निघाली, तरुण मुलगी. मराठी सगळी कळायची, बोलायची मात्र हिंदी. पहिल्या दिवशी आली ती सरळ फरशीवर बसली, साबणाच्या पाण्याचे फुगे फुंकले, डबीला झाकण लावलं आणि गप्प बसून राहिली. लेक डबीकडे बघते, पुन्हा हवेत बघते. दीदी ढिम्म.

मी म्हटलं, "अहो, तिला अजून हवेत. उडवा न!"

"मुझे भी पता है," दीदी म्हणाली. "उसको बताने दीजिए."

माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकराला शिकवायला आली आहे की छळायला? पण मी पुढे तोंड उघडणार तेवढ्यात लेकीनं दीदीचा हात धरला, डबीवर ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याच क्षणी खोलीभर फुगे. लेक खुदकन हसली. दीदीनं मला समजावून सांगितलं की बोलूनच मागायला हवं असं नाही. हातानं, चित्र दाखवून, आवाज काढून, कसंही मागितलं तरी ते मागणंच. आणि मागितल्याबरोबर मिळायला हवं, म्हणजे मागण्याचा उपयोग होतो हे तिला पटतं. शब्द येतील का, किती येतील, ते आत्ता सांगता येत नाही म्हणाली. तिनं खोटी आशा लावली नाही, म्हणून मला ती आवडली.

सासूबाईंना काही आवडली नाही. "लेकराला पाण्यासाठी हात पसरायला लावून राहिल्या? आपल्या घरात?" एवढं बोलून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या.

सगळ्यात मोठी लढाई जेवणाची असायची. पोट भरलं की लेक ताट भिरकावून द्यायची. भिंतीवर वरणाचे ओघळ. म्हणून दीदी जेवणाच्या वेळेलाच यायला लागली. ताट उडायच्या जरा आधी लेकीची बोटं ताटाच्या काठावर चाळवतात, हे तिनं हेरलं. मी रोज भरवत होते, मला कधी दिसलं नव्हतं. बोटं चाळवली की तिचा हात अलगद धरून ताटावर आडवा ठेवायचा, शब्द म्हणायचा आणि ताट ताबडतोब उचलायचं. दीदीनं विचारलं, तुम्ही घरात काय म्हणता? मी म्हटलं, पुरे. "तो पुरे ही बोलेंगे." शेजारणींनी घरातही हिंदीच बोला म्हणून माझं डोकं खाल्लं होतं. दीदी म्हणाली, "जिस भाषा में लाड करते हैं, उसी में बोलिए." चला, एक कटकट मिटली!

आम्ही रोज तसंच करत राहिलो. हात धरायचा, पुरे म्हणायचं, ताट उचलायचं. आणि एका दुपारी मी मीठ घ्यायला वळले, परत बघते तर लेकीनं आपणहून ताटावर हात ठेवलेला. कुणी धरला नव्हता, कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी न रडता 'नको' म्हणून सांगितलं होतं.

तिनं ते सांगितलं होतं तिच्या आजीला. आजीनं त्या इवल्याशा हाताकडे कौतुकानं पाहिलं, "अगं बाई, एवढंसं तर घे माझ्या राणी!" म्हणाली, आणि बोटांवरून चमचाभर वरण ओतलं.

ताट उडालं. लेक अशी किंचाळली की काळीज फाटावं. मी सासूबाईंवर ओरडले, त्या माझ्यावर ओरडल्या.

"काहून ओरडते? हात ठेवला की वाढायचंच असते न! मी काय वाईट केलं?"

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांचं तरी काय चुकलं? जन्मभर हेच केलं, आणि लोकांनी नावाजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी दीदी त्यांच्याजवळ बसली. आवाज चढवला नाही की उपदेश केला नाही. एवढंच म्हणाली, "आजी, उसने पहली बार ना कहा. हमने सुना नहीं, तो अगली बार क्यों कहेगी?" सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी वाढायचंच नाही काय?" दीदी म्हणाली, वाढा, पण हात दिसला की थांबा. कुणाचाही हात. पोरगी सगळं बघते.

कुणाचाही म्हणजे कुणाचाही! सासूबाई एकदा काही मनावर घेतात तेव्हा देवसुद्धा मध्ये पडत नाही. रात्री नवऱ्यानं सवयीनं ताटावर हात धरला, आता आई आग्रह करेल म्हणून वाट बघत बसला. आई भाजीचं पातेलं घेऊन आत निघून गेली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "आई, मी खरंच नको नव्हतो म्हणत!" "मग खरं बोलायला शिक." पाटनचे मामा जेवायला आले, तेव्हा त्यांना दारातच बजावलं, "हात ठेवायचा तर विचार करून ठेवा जी." बिचारे एका पुरणपोळीवर उठले, आणि अजूनही जिथे तिथे सांगतात की ताईच्या घरी आता आग्रह होत नाही.

पण लेकीचं ताट उडणं थांबलं. एकदम नाही, मधूनमधून उडायचं. दात दुखले, झोप झाली नाही, घरात गर्दी झाली की पुन्हा जुनं सगळं सुरू व्हायचं. तरी ती हात ठेवायची आणि आजी थांबायची, नातीपेक्षा आजीच जास्त खूश व्हायची. हळूहळू लेक पाण्याचं चित्र आणून आजीच्या मांडीवर ठेवायला लागली. मग 'दे' आला. तेवढा एकच शब्द, पण आजीनं त्या शब्दापायी शेजारीपाजारी पेढे वाटले.

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं, मला विचारू नका. अर्धं लक्ष घड्याळाकडे, अर्धं फोनकडे. फोन आला नाही, तर तो का आला नाही म्हणून आणखी घोर. सुटल्याबरोबर रिक्षा पकडली आणि जिना धावतच चढले.

घरात रडण्याचा आवाज नव्हता. लेक आजीच्या कुशीत ठोकळे रचत बसली होती. मला बघून हसली, आणि मग एकदम तिचा चेहरा आक्रसला. तिनं कानावर हात नेला, आजीकडे पाहिलं आणि कानावर तळहातानं थोपटलं. ही खूण मी आधी कधी पाहिली नव्हती.

"कान दुखून राहिला काय तिचा?" मी घाबरून पिशवी टाकली. "ताप आहे? कधीपासून? मला फोन का नाही केला?"

"काही नाही दुखत," सासूबाई ठोकळ्यांवरची नजर न हलवता म्हणाल्या. "शेजारचा मिक्सर लागला. आवाज नको म्हणते. दुपारपासून असंच सांगून राहिली."

मी कान दिला. खरंच, भिंतीपलीकडे मिक्सर फिरत होता. मला तो ऐकूच आला नव्हता.

"बघत काय उभी राहिली? ती सांगून राहिली न? दार लाव."

माझ्या लेकीचं बोलणं आज मला दुसऱ्या कुणीतरी समजावून सांगितलं होतं. मला इतका आनंद झाला, की दार लावताना कडी नीट दिसेना.