मोठ्या बाईचा पांगुळगाडा

कुरखेड्यातली आमची शेजारीण चिंचेवरून पडली आणि तिच्या पाठीचा कणा दुखावला. चांद्याच्या दवाखान्यातून परतली, तेव्हा पायांत अर्धाच जीव उरला होता. सुतारानं तिला लहान मुलांचा असतो तसाच, पण कमरेएवढा उंच सागवानी पांगुळगाडा करून दिला. तो धरून ती अंगणात फिरे आणि बैलाशी बोलावं तशी त्याच्याशी बोले, "चाल ना बे, काऊन अडून राह्यला?" लोक हसतील म्हणून अंगणाबाहेर मात्र कधी गेली नाही.

माझं तान्हं बाळ गेलं, त्या दिवशी ती गाडा ढकलत चिखलातून आमच्या दारी आली. मी धरायला धावले.

"हात नोको लावू, पोरी. तुह्याजवळ मले माह्या पायानं येऊ दे."

जवळ आल्यावर गाडा सोडून तिनं माझ्या गळ्यात हात टाकले. तिचा सगळा भार माझ्यावर आला, आणि तेव्हा कुठे मला रडू फुटलं.