पाठीवरची चमकती पट्टी

"दिसलं पाहिजे! आधी दिसलं पाहिजे, मग काय ते भूत व्हा!"

हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागायला निघाली आणि शॉमबर्गमधल्या आमच्या गल्लीत ही आरोळी ऐकू आली, की समजायचं, शेजारचे काका दारात खुर्ची टाकून बसलेत. मांडीवर चॉकलेटांची टोपली, हातात चमकत्या पट्टीचं रीळ. गाडीचा उजेड पडला की लखकन चमकते ना, सायकलवाले लावतात, तीच पट्टी. दारात येणाऱ्या प्रत्येक पोराला आधी पट्टी, मग चॉकलेट. मग तो सांगाडा असो नाहीतर राजकन्या.

बाकीच्या घरी चिमुकली चॉकलेटं मिळत. काका अख्खा बार द्यायचे. शुद्ध लाच! पोरं मुकाट रांगेत उभी राहायची. एकदा तर एका चिमुरड्या भुताच्या चादरीची डोळ्यांची भोकं काकांनी कात्रीने मोठी करून टाकली. त्याची आई बघतच राहिली. काका तिलाच म्हणाले, "धडपडेल तो! भुताला पायरी दिसायला नको का?"

माझी लेक काळी मांजर झाली त्या वर्षी तर रणकंदन झालं.

"काका, नो! यू आर रुइनिंग इट!"

"रुइन तर रुइन. काळं मांजर, काळा रस्ता. ड्रायव्हरला काय स्वप्न पडणार आहे?"

मांजरीच्या शेपटीला टोकापर्यंत पट्टी. घरी येईपर्यंत लेक माझ्याशी बोलली नाही. जसं काही मीच लावली होती!

आता गंमत ऐका. सगळ्या गल्लीला चमकवणारा हा माणूस स्वतः रोज संध्याकाळी फिरायला जायचा तो काळा कोट, काळी पँट आणि काळी टोपी घालून. बोला! मागच्या हॅलोविनला लेकीने विचारलंच, "व्हेअर इज युअर्स?"

"मी काय लहान आहे?" असं म्हणून काका एका डायनासोरला पट्टी लावायला वाकले. तेवढ्यात लेकीने रीळ उचललं आणि त्यांच्या कोटावर, पाठीवर, भली मोठी तिरकी पट्टी चिकटवून दिली. त्यांना पत्ताच नाही. आम्ही हसून हसून बेजार.

पुढे थोड्याच दिवसांत हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे गेली आणि पाच वाजताच काळोख पडायला लागला. एका संध्याकाळी बघते तर काकांचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. काकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. हल्ली विसरायलाही लागले होते. आम्ही सगळे ते बघत होतो आणि वय झालं म्हणून सोडून देत होतो.  मी तशीच गाडी काढली. पलीकडच्या मोठ्या रस्त्याला फुटपाथ नाही, दिवे नाहीत, समोर काही म्हणजे काही दिसेना. आणि एकदम हेडलाइटमध्ये एक तिरकी रेघ लखलखली.

काकाच. घर कुठल्या बाजूला आहे ते त्यांना आठवत नव्हतं. हात धरून गाडीत बसवलं, तर उलट मलाच झापलं, "हळू चालव गं. पोरं असतात रस्त्यावर."

मला रडूच फुटलं.

त्यांचा मुलगा त्यांना सिॲटलला घेऊन गेला. त्या घरात आता नवे लोक आलेत, तेही चिमुकलीच चॉकलेटं देतात. यंदा हॅलोविनला निघण्याआधी लेकीने काकांना व्हिडिओ कॉल लावला. काकांनी तिला ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं, मांजरीची आठवण करून दिली. काही नाही. मग ते स्क्रीनच्या जवळ आले, तिचा काळा झगा खालीवर निरखला आणि भडकले.

"पट्टी कुठंय?"

 लेक वळली आणि पाठ त्यांच्याकडे करून उभी राहिली. भली मोठी, तिरकी, तिची तिनेच लावलेली.