मंगलाष्टकावर टाकलेलं गाणं

अंजनाला पिक्चर बघताना रडायला फार आवडायचं. माहेर पारगावचं. यात्रेला तंबूतला पिक्चर यायचा, पडदा मधोमध टांगलेला. पुरुष समोरून बघणार, बायका पाठीमागून. त्यामुळे बायकांच्या बाजूला सगळे हिरो डावखुरे आणि दुकानांच्या पाट्या उलट्या. पण रडायला त्याची काय अडचण? पडद्यावर कुणाची आई खोकायला लागली, की अंजना आधीच नाक ओढायला सुरुवात करायची.

"अगं बये, अजून मेली न्हाई ती!" शेजारची सखूबाई कोपर मारायची. "तिकीट काढलंय ना? मग बघ तरी नीट!"

घरी येताना डोळे सुजलेले आणि गाणी मात्र पाठ. चालीसकट, मधल्या वाजवण्यासकट. पोरी म्हणायच्या, अंजना म्हणजे चालता रेडिओ.

लग्न होऊन ती अवसरी बुद्रुकला आली. नवरा चिमाजी तिच्या माहेरगावच्याच साखर कारखान्यात कामाला. माणूस सरळ, पण तोंडाला कुलूप. सकाळी "येतो", रात्री "वाढ", एवढ्यात दिवस भागायचा. पिक्चरला नेलं तर मध्यंतरापर्यंत झोपलेला असायचा.

कुणाच्या लग्नात मात्र हाच माणूस वेगळा व्हायचा. भटजींचं म्हणून झालं, की भावकीतल्या गोड गळ्याच्या माणसांनी माईक हातात घेऊन एकेक मंगलाष्टक म्हणायचं, ही तिकडची रीतच. पत्रिका द्यायला आलेला माणूस उंबऱ्यातच सांगून जायचा, "चिमाजीराव, एक तुमचं पायजे बरं का!" मग चिमाजी टोपी सारखी करून उभा राहायचा, डोळे मिटायचा, आणि मांडवातली पोरंसोरंसुद्धा गप्प बसायची.

शहाण्णव साली त्याची धाकटी बहीण उज्ज्वला मढला दिली. तेव्हा लग्नाची व्हिडिओ शूटिंग करायचं नवं खूळ आलं होतं. मंचरच्या दादाभाऊ फोटोवाल्यानं शूटिंग केलं. मग कॅसेट 'भरायची' म्हणून बोलावणं आलं. भरायची म्हणजे वरात, हळद, पाठवणी, सगळ्यावर पिक्चरची गाणी टाकायची. गाणी निवडायची कुणी? घरातून एकच नाव निघालं. अंजना चिमाजीला घेऊन दुकानात गेली आणि स्टुलावर अशी बसली, जणू पिक्चर तिचाच.

"पाठवणीला ते रडकं टाका. न्हाई, ते नको, दुसरं. हां, हेच!"

दादाभाऊ हसून बटणं दाबत होता. कॅसेटवर लग्न लागायची वेळ आली तसं त्यानं विचारलं, "वैनी, मंगलाष्टकं हायेत तशी ठेवू?"

"काय करायचीत? सगळ्यांच्या लग्नात तीच. भटजीबुवा मधीच खोकत्यात. तिथं ते बासरीचं टाका ना, हिंदी."

"चिमाजीरावांचं पण हाये त्यात."

अंजनानं नवऱ्याकडं बघितलं. "तुमचं ठेवायचं का हो?"

चिमाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. "मला काय इचारती? पिक्चरमधलं तुला कळतं."

बासरीचं टाकलं. मढला ती कॅसेट घरोघर फिरली. उज्ज्वलाची सासू म्हणाली, "लगीन न्हाई गं, पिक्चरच झालाय!" अंजनाला पुढं कितीतरी दिवस ते वाक्य पुरलं.

दोन हजार तीनच्या गळीत हंगामात चिमाजीला कामावरच छातीत कळ आली. कारखान्यावरून जीप आली, माणसं उतरली, दारापाशीच घोटाळली. अंजनाला कळलं. तिनं चुलीवरचं दूध उतरून ठेवलं आणि ओटीवर येऊन बसली.

रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. बायका आपापसात कुजबुजल्या, "रडवा तिला कुणीतरी. असं आत राह्यलं म्हंजी डोक्यात जातं." पारगावहून सखूबाई आली. तिनं गळ्यात पडून हंबरडा फोडला, पण हिच्या डोळ्यांत पाणी नाही बघून तिचाही हंबरडा मधेच थांबला.

"पडद्यावरच्या आयांसाठी ऊर फुटस्तवर रडायचीस गं. आन आता काय झालं?"

"मावशी, चहात साखर बरोबर हाये ना?" अंजनानं विचारलं.

कामं होत होती. शेण, पाणी, भाकरी. हात आपले आपले चालायचे, जणू दुसऱ्या कुणाचे. दुखत नव्हतं काही. बधिर झालेल्या पायावर उभं राहावं तसं दिवसावर उभं राहायचं आणि पुढं जायचं.

मग एका दुपारी धुणं वाळत घालताना तिच्या लक्षात आलं, की चिमाजीचा आवाज आठवत नाही. चेहरा आठवत होता, टोपीची घडी आठवत होती. 'वाढ' हा शब्दही आठवत होता, पण तिच्याच आवाजात. तिनं दोरी धरून पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. नाहीच. घरात त्याचा आवाज कशातच नव्हता. फोटो होते नुसते.

एकच जागा होती. मूळचं शूटिंग.

तिनं उज्ज्वलाला निरोप धाडला. उज्ज्वला मढहून आळेफाट्याला गाडी बदलून, कॅसेट पिशवीत घालून मंचरला आली. दादाभाऊच्या दुकानात आता कॉम्प्युटर होता. जुन्या कॅसेटींच्या तो सीड्या करून द्यायचा.

"दादाभाऊ, गाणी टाकायच्या आधीची कॅसेट असंल ना तुमच्याकडं?"

"मूळची?" दादाभाऊनं मान खाजवली. "वैनी, तिच्यावर पुढच्याच तिथीला दुसरं लगीन घेतलं. आमी समदेच तसं करायचो. कॅसेट लई म्हाग व्हती तवा."

"मग ह्याच्यात? गाण्याच्या खाली आवाज ऱ्हायला असंल की."

"खाली काय न्हाई ऱ्हात, वैनी. पहिला पुसतो, तवाच दुसरा बसतो."

तरी तिनं लावायला सांगितलं. मांडव दिसला. चिमाजी उठला, टोपी सारखी केली, माईक घेतला, डोळे मिटले. तोंड उघडलं आणि बासरी वाजली. मग पिक्चरमधली बाई गायला लागली. चिमाजीच्या गळ्याची शीर ताणली जात होती आणि बाई आपली गातच होती.

उज्ज्वलानं तोंडाला पदर लावला. "दादा... माझा दादा गं..."

अंजना पडद्याकडं बघत राहिली. "दादाभाऊ, हे गाणं काढता यील?"

"निघंल की. मग काय टाकू?"

"काय नको."

"वैनी, माझं लगीन मुकं करता व्हय?" उज्ज्वला रडता रडता म्हणाली.

"समदं न्हाई. हे उठत्यात तिथनं अक्षदा पडस्तवर."

दादाभाऊनं तसं करून दिलं.

सीडी घरी लावली ती दिवसाउजेडी. सासू साळुबाई टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. वरात गेली, हळद गेली, गाणी वाजली. मग चिमाजी उठला आणि घरात एकदम शांत झालं. त्याचे ओठ हलत होते. साळुबाईनं डोळे मिटले. तिची मान हळूहळू डोलायला लागली.

"शेवटाला आवाज कसा चढवायचा, न्हाई?" ती म्हणाली.

"कसा चढवायचा, आत्या?"

"कसा म्हंजी? तू त्येची बायको ना?" साळुबाईनं डोळे न उघडताच हात वर नेला, थोडा थरथरवला. "असा. सावधान म्हणताना. आयकू येतंय ना?"

अंजना ओठांकडं बघत होती. टीव्हीतून कसलाही आवाज येत नव्हता. तिच्या डोक्यात बासरी सुरू झाली होती, बरोबर जागेवर. मग ती बाई. मधलं सगळं वाजवणं, एकही सूर न चुकता. तिनं ते थांबवून बघितलं. थांबेना.

पडद्यावर अक्षता उडाल्या. चिमाजीनं माईक दुसऱ्याच्या हातात दिला आणि खाली बसला.

"परत लाव," साळुबाई म्हणाली.

अंजना उठली आणि तिनं परत लावलं.