खांबावरून दिसणारी गच्ची

ऑफिसात बाबांना कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे ‘खार’ म्हणायचे. बाकीचे शिडी टेकवेपर्यंत हा माणूस खांबाच्या निम्म्यावर पोचलेला असायचा. बावीस वर्षं ते लाइनमन होते. नंतरची नऊ वर्षं तक्रार केंद्रात बसून त्यांनी फोन घेतले.

मध्ये एक पडणं आहे.

लाइनमनच्या कमरेला पट्टा असतो. पट्ट्याचा दोर खांबाभोवती वळसा घालून आणायचा आणि दुसऱ्या बाजूच्या कडीत हुकानं अडकवायचा. हुक बसला की ‘टक्’ असं वाजतं. मग मागे रेलून दोन्ही हात कामाला मोकळे. जुने लोक हुकाकडे बघत नाहीत, नुसतं ऐकतात. त्या दिवशीही टक् वाजलं. पण हुक कडीत नाही, शेजारी लटकणाऱ्या हत्यारांच्या पिशवीच्या रिंगेत बसला होता. आवाज अगदी तोच. बाबा मागे रेलले आणि पिशवीचा बंद तुटला.

डाव्या टाचेचा चुरा झाला, कमरेत दोन स्क्रू बसले. “इतकी वर्षं विजेला भ्यायलो आणि मारलं पिशवीनं,” असं भेटायला येणाऱ्यांना सांगून ते स्वतःच आधी हसायचे.

मी तेव्हा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला होते. आता त्याच खात्यात नव्या लाइनमनना शिकवते. पहिल्याच तासाला सांगते, टक् ऐकू नका, हुक बघा. बोट लावून बघा.

निवृत्तीला आठवडा उरला असताना बाबा जेवता जेवता म्हणाले, “तुमच्या मैदानातला सरावाचा खांब कधी मोकळा असतो का गं?”

“कशाला?” माझ्याआधी आईनंच विचारलं.

“एकदा चढीन म्हणतो.”

“जिना चढताना कठडा सोडवत नाही, आणि म्हणे खांब! नऊ वर्षं शेकतेय ती टाच. पुन्हा मोडलीत तर शेकायला दुसरी बघा.”

“या वयात दुसरी कोण मिळणार?”

“मग हिला विचारा. साहेब ती आहे.”

दोघं माझ्याकडे बघू लागले. टाच बारीक पायरीवर भार घेणार नाही, हे डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. पण तक्रार केंद्रात फोन कानाला लावून खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघत बसलेले बाबा मी कितीदा पाहिले होते.

“एकदाच गं,” ते म्हणाले.

“मी म्हणेन तिथून खाली यायचं. वाद नाही.”

“नाही घालत.”

शनिवारी दुपारी मैदान रिकामं होतं. खांद्यांवरून, मांड्यांवरून जाणारा नवा पट्टा मी त्यांना चढवला. “पार्सल बांधतेस की काय?” ते म्हणाले. ते घसरलेच तर पेलायला वरून सोडलेला जादा दोर मी हातात धरला. टक् वाजलं. बाबांची नजर वरच होती. मी हुकाकडे बघत राहिले. मग त्यांनीच मान खाली घातली, हुकाला बोट लावलं. “बघितला.”

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. दर वेळी उजवा पाय पुढे आणि डावा त्याच्या मागून. पाचवीवर पट्ट्याचा दोर वर सरकवायला क्षणभर डाव्या टाचेवर उभं राहायला हवं होतं. गुडघा थरथरला. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

“बाबा, खाली.”

त्यांनी कपाळ खांबाला टेकलं. मग उजवा पाय खालच्या पायरीवर ठेवला. कबूल केल्याप्रमाणे वाद घातला नाही.

खाली आल्यावर ते खांबाला टेकून बसले. जरा वेळानं म्हणाले, “तू चढ.”

मी चढले. टोकाशी हुक अडकवला, बघितला.

“काय दिसतं?” खालून आवाज आला.

“तारा. पाण्याची टाकी.”

“टाकीच्या उजवीकडे बघ. लाल कौलांच्या मागे.”

एक गच्ची होती, दोरीवर कपडे. पिवळी चादर मी ओळखली. “बाबा, ही तर आपली गच्ची!”

“आपलीच. कुठल्याही खांबावर चढलो की आधी ती शोधायचो. बँकेसमोरचा खांब सोडला तर सगळ्यांवरून दिसते.” थांबून म्हणाले, “त्या दिवशी टक् वाजलं, तेव्हाही तीच शोधत होतो. आईला सांगू नकोस.”

मी पुन्हा गच्चीकडे पाहिलं.

“आहे का ती?”

“आहे.”

“कपडे काढत असेल. बावीस वर्षांत एकदाही मान वर करून बघितलं नाही तिनं.”

“बघतेय,” मी म्हणाले. आईनं डोळ्यांवर हात धरला होता, अगदी आमच्याच दिशेला.

बाबा खांबाला धरून उठले. टाचा उंचावायला गेले, उजवीच उंचावली. समोर मैदानाची भिंत होती.

“हात कर तिला,” ते म्हणाले.

मी हात केला. आईनं चादर ओढून घेतली आणि हलवली. खाली बाबा माझ्याकडेच बघत होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आई टाच शेकायचं पाणी घेऊन आली. “दिसलात हो टोकावर,” ती त्यांना म्हणाली. “हात कशाला सोडायचा तो? जीव नुसता खाली-वर झाला माझा.”

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“पट्टा होता,” ते म्हणाले आणि पाय पाण्यात सोडला.