खांडेनवमीला पाटावर ठेवलेली गिटार

दसऱ्याच्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जिंतूरच्या एका नवरात्र मंडळाच्या मंचावर माझ्या गिटारमधून आवाज आला नाही. निवेदकानं पहिलं गाणं जाहीर केलं होतं. समोरच्या खुर्च्या भरल्या होत्या. मी तार छेडली, स्पीकर गप्प राहिला.

परभणीच्या या ऑर्केस्ट्रात मी आठ वर्षं गिटार वाजवत होतो. दिवसा वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातम्या तपासायच्या, सणासुदीला आणि लग्नसराईत कार्यक्रम करायचे. आम्ही सहा जण होतो. संच मास्तरांचा, ते ढोलकी वाजवत. कीबोर्डवर त्यांचा पुतण्या, ऑक्टोपॅडवर एक जण, एक गायक, एक गायिका आणि मी.

त्याआधीच्या कार्यक्रमात माझ्या गिटारमधून सबंध वेळ घरघर येत राहिली. सामान आवरताना मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "पत्रकार, आता एकदाच सांगतो. पुढच्या टायमाला ही गिटार अशी घोरली तर पुतण्या हाय आपला. त्याच्या मशीनमदी गिटार बी हाय, सनई बी हाय. वरून गाडीत एका माणसाची जागा वाचती."

सगळे हसले. पुतण्याही हसला. जिंतूरच्या कार्यक्रमावर माझी जागा ठरणार, हे तिथंच स्पष्ट झालं.

घरघर कशाची, ते मी दुसऱ्याच दिवशी शोधलं. केबलच्या पिनमधली अर्थिंगची तार सुटत आली होती. स्टेशन रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राच्या टेबलावर बसून दोन्ही केबलना नव्यानं डाग दिले. आवाज कमी-जास्त करायची बटणं करकरत होती, त्यांत स्प्रे मारला. अष्टमीच्या संध्याकाळी जुन्या तारा उतरवल्या, तारांखालची पट्टी सुती फडक्यानं पुसली, सहा नव्या तारा चढवल्या. नवी तार पहिले दोन दिवस उतरत राहते. ती ताणायची, परत सुरात आणायची, पुन्हा ताणायची. मंचावर जाईपर्यंत तिच्या मागं लागावं लागतं. हे काम मी नवमीसाठी ठेवलं होतं.

नवमीला सकाळी मास्तरांचा फोन आला. समदी वाद्यं पूजेला घेऊन या.

खांडेनवमीला शेतकरी अवजारं पूजतो, गवंडी थापी पूजतो, आम्ही वाद्यं पूजायचो. मास्तरांच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर पाट मांडले होते. मधल्या पाटावर ढोलकी. तिच्या शेजारी माझी गिटार, उताणी. मास्तरांनी तिच्यावर फुलानं पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, आणि ओंजळभर ओल्या अक्षता वाहिल्या. त्या ओल्याच हव्यात, कुंकू धरून राहतं, असं त्यांचं म्हणणं. पुतण्याचा कीबोर्ड मात्र बॅगेतच होता. चेनही उघडली नाही. बॅगेवर एक झेंडूचं फूल ठेवलं.

मी विचारलं, "मास्तर, याला पाणी न्हाई का?"

"नवी मशीन हाय. पाणी गेलं तर कोण जबाबदार?"

देवापुढं गिटार आणि कीबोर्ड सारखेच असतील. मास्तरांपुढं नव्हते. हे मी तिथंच बोलायला हवं होतं.

पूजा झाल्यावर मी दहा मिनिटं मागितली. तारा नव्या आहेत, ताणून बघायच्या आहेत, एवढंच सांगितलं.

"देवाला ठिवलेल्याला हात लावायचा न्हाई. उद्या दुपारी पूजा हालवू, मग बसा वाजवत."

"उद्या दुपारी निघायचंय, मास्तर."

"मग रस्त्यानं बघा की."

दसऱ्याला पूजा हालली तेव्हा चार वाजले होते. मास्तरांनी वाद्यांवरचं फूल-तांदूळ हातानं झटकलं आणि ज्याची वस्तू त्याच्या हातात दिली. साडेचारला गाडी परभणीहून निघाली. मागच्या सीटवर मी गिटार मांडीवर घेतली आणि तिच्या टोकाला चिमट्यासारखा लावायचा, सूर दाखवणारा ट्यूनर बसवला. हा ट्यूनर लाकडाचा कंप ओळखतो. वायर लागत नाही. सहाही तारा उतरल्या होत्या. रस्ताभर मी त्या ताणत आणि चढवत होतो. जिंतूर येईपर्यंत सहाही तारांना हिरवा दिवा लागला. गिटार तयार आहे, असं मी धरून चाललो.

सहाला पोचलो. माइक मंडळाच्या अध्यक्षांकडे होता. सोनं वाटून झालं, सत्कार झाले, भाषणं झाली. साउंडवाल्याला मी दोनदा म्हणालो, एकदा लाइन तपासू. तो म्हणाला, "भाऊ, साहेब बोलायलेत. त्यायच्या मधी गिटार कशी वाजवायची?" भाषण संपलं आणि लगेच कार्यक्रम सुरू झाला.

तीच सात वाजून दहा मिनिटं.

मी आधी केबल बदलली. मग केबल ज्यातून स्पीकरकडे जाते त्या प्रोसेसरची बॅटरी बदलली. साउंडवाल्यानं दुसऱ्या चॅनलला लाइन दिली. काहीच नाही. पहिल्या गाण्यातला गिटारचा तुकडा आला तेव्हा मी मंचावर गुडघ्यावर बसलो होतो. तो तुकडा वाजला. पुतण्यानं कीबोर्डवर वाजवला, एकही सूर न चुकता. एवढ्या सफाईनं तो पहिल्याच खेपेला येत नाही. त्यानं तो घरी बसवला होता. टाळ्या पडल्या.

माझ्या गिटारची पिन खोचायची जागा कडेला नाही, तारांच्या बाजूला, पुढच्या तोंडावर आहे. तिथं लहान खळगा आहे. गिटार उताणी ठेवली की तो वर येतो आणि पिनचं भोक उघडं राहतं. खळग्यावरची पट्टी मी स्क्रू काढून उचलली. आत, पिनला टेकणाऱ्या पत्र्याखाली, तांदळाचे तीन दाणे अडकले होते. लाल. पाण्यानं फुगून तिथंच वाळलेले. पिन आत जात होती, पण पत्र्याला टेकत नव्हती. दाणे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं काढले. तोवर दुसरं गाणंही संपलं होतं. तिसऱ्या गाण्यापासून शेवटपर्यंत गिटार वाजली. घरघर नव्हती, सूर उतरला नाही. त्यावर कुणी काही म्हणालं नाही.

गाडीत सामान भरताना मी तळहातावरचे दाणे मास्तरांना दाखवले. "हे आतून निघाले. तुमच्या पूजेचे."

त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. "देवाच्या अक्षतांला नावं ठिवता का?"

"अक्षतांला न्हाई. काल दहा मिनिटं मागितली होती, तुम्ही दिली न्हाईत. पुतण्याच्या बॅगेची चेन तेवढी उघडली न्हाई."

"तुमची वस्तू, तुमी तपासायची. पेपरात दुसऱ्याच्या चुका काढता ना?" मग ते ढोलकीची पिशवी बांधत म्हणाले, "आणि एक आइका. दोन गाणी गिटार नव्हती. एका माणसानं तरी इचारलं का, गिटार कुठंय म्हणून?"

कुणीच विचारलं नव्हतं, हे खरं होतं. मास्तर ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलले, हेही खरं होतं. ऑक्टोपॅडवाला पायातल्या चपलेकडे बघत राहिला. पुतण्या पुढच्या सीटवर बसला होता. त्यानं काच वर केली.

चौथ्या दिवशी सकाळी संचाच्या ग्रुपवर मास्तरांचा मेसेज आला. उद्या पोखर्णीला कोजागरीचा कार्यक्रम, निघायची वेळ दुपारी तीन, येणारे पाच जण: ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गायक, गायिका. संध्याकाळी पाचपर्यंत त्याखाली चार अंगठे आले होते.