शेपटीतलं पंधरावं पीस

पाक दार्सोनोंनी, म्हणजे आमच्या दार्सोनोकाकांनी, साखर कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं उसाच्या गाड्या तोलल्या. निवृत्त झाले आणि लोकांचे होले तोलायला बसले.

आमच्या जावातल्या क्लातेनला होला पाळणं हा पोरखेळ नाही. पायाचे खवले, डोळ्याचा रंग, शेपटीची पिसं, सगळं बघतात. चौदा पिसांचा होला साधा, पंधरा पिसांचा घराला बरकत देणारा. आणि अशुभ निघाला तर शुक्रवारी सोडून द्यायचा, मग कितीही जीव लावलेला असो. अशा होलेवाल्यांसाठी माझ्या वडिलांनी इंटरनेटवर एक फोरम काढला होता. ते गेले आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं, कारण मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते.

कुणी फोटो टाकला की पाक दार्सोनोंचा निकाल पाच मिनिटांत हजर: "खवले उलटे आहेत. शुक्रवारी सोडा." लोक मुकाट्यानं सोडायचे. वोनोगिरीला बाक्सोची, म्हणजे मटणगोळ्यांच्या रश्श्याची, गाडी लावणाऱ्या पाक तुगियोनंही सोडला. त्याचा होला हातावर बसून दाणे टिपायचा. त्यानं लिहिलं होतं, "दोनदा परत आला. तिसऱ्यांदा डोंगरापलीकडे नेऊन सोडला." ते वाचून मला दार्सोनोंचा मनापासून राग आला होता.

त्यांच्या प्रत्येक उत्तराखाली मात्र त्यांच्या स्वतःच्या होल्याचा फोटो असायचा. नाव क्याई गुंतुर, आणि खाली ओळ: 'अस्सल पंधरा पिसं'. आमच्या सर्व्हरवर जागा कमी, म्हणून फोटो बाहेरच्या फुकट साइटवर ठेवा आणि इथे फक्त लिंक द्या, असा नियम मीच केला होता. दार्सोनोंनी तो पाळला. नऊ हजार वेळा.

एका मंगळवारी फोरमची पानं लालभडक झाली. 'पुढे धोका आहे. मागे फिरा,' असं ब्राउझर बजावत होता. पण सगळीच पानं लाल नव्हती. जिथे दार्सोनो बोलले होते, तेवढीच. हे पहिल्यांदा हेरलं तुगियोनं.

"म्बाक रेत्नो," त्यानं मला फोरमवर सगळ्यांदेखत विचारलं, "गुंतुर दिसला की धोका, नाही दिसला की सगळं ठीक. ह्याचा अर्थ काय?"

अर्थ लावायला चारशे माणसं टपलेलीच होती. गुंतुर अशुभ! यंत्रालाही लक्षणं कळली!

मी तो इशारा नीट वाचला. बारीक अक्षरात फोटो ठेवणाऱ्या साइटचं नाव होतं. ती साइट कुणीतरी फोडून तिच्यात घाण पेरली होती, आणि तिथून साधं चित्र आणणारं पानही ब्राउझर अडवत होता. हे मी समजावून लिहिलं, आणि गुंतुरचा फोटो सगळीकडून एका झटक्यात उडवला. पानं लगेच उघडली.

झालं! "बघा, पक्षी काढला आणि संकट टळलं!" माझी दुरुस्तीच पुरावा ठरली. मी कपाळावर हात मारला.

दार्सोनोंचा फोन आला. "म्बाक, नियम माझाच आहे. शुक्रवारी सोडावा लागणार."

मागून त्यांची बायको ओरडली, "सोडा की! मग त्याच्याऐवजी माझ्याशी तरी दोन शब्द बोलाल!" आणि लगेच तिच्याच रडण्याचा आवाज आला.

तेवढ्यात तुगियोनं लिहिलं, 'फोटोवरून नको. पक्षी घेऊन या. मी सांगेन तो निकाल.' दार्सोनोंनी सगळ्यांसमोर कबूल केलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून वोनोगिरीला नेलं. पिंजरा मांडीवर, वर बायकोची ओढणी. वाटभर ते ती ओढणी सावरत होते.

तुगियोनं गाडी बाजूला घेतली, हात पुसले आणि गुंतुरला हळूच धरून त्याची शेपटी पंख्यासारखी उघडली. त्याचे ओठ हलत होते. मीही मोजत होते. चौदा. त्यानं पुन्हा मोजली. चौदाच.

दार्सोनो स्वतःच्या चपलांकडे बघत होते.

"पाक," तुगियो हळूच म्हणाला, "तुम्ही मोजली होती ना?"

"मोजली होती. पण काट्यावरची सवय... आपला माणूस असला की थोडं जास्तच धरायचो."

"माझ्या होल्याला धरलं नाहीत."

मला वाटलं, आता गेला गुंतुर. तुगियोनं त्याला पिंजऱ्यात ठेवलं, खिशातून फोन काढला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. शुभ आहे. पिसं पंधरा.'

मग त्यानं आम्हा दोघांपुढे बाक्सोचे वाडगे ठेवले. दार्सोनोंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "साम्बाल तिखट आहे," ते म्हणाले. त्यांनी ती चटणी घेतलीच नव्हती.

आता कुणी फोटो टाकला की ते एवढंच लिहितात, 'फोटोवरून कळत नाही.' मध्यंतरी गुंतुरचं पहिलं पिल्लू उडायला लागलं, तेव्हा ते तुगियोला द्यायला दार्सोनो एकटेच बसनं वोनोगिरीला निघाले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते.

"शेपटी मोजलीत का?" मी चिडवलं.

"छे," ते म्हणाले, "तुगियो म्हणेल तेवढी."