किसनची बोटं आणि दुःखाची मुळं

"डोळे मीट की रे! तुमच्या लोकांचं मन स्थिर व्हायचंच नाही."

साहेब सगळ्यांसमोर मला म्हणाले. तुमच्या लोकांचं म्हणजे कुणाचं, ते सगळ्यांना कळलं. आमी बौद्ध. दोघं-तिघं फिदीफिदी हसले.

साहेब म्हणजे कंपनीतल्या प्रेस शॉपचे, पत्रा दाबून माल काढायच्या खात्याचे, मॅनेजर. शिफ्ट सुटली की कँटीनमध्ये आमाला योग शिकवायचे. आमी फरशीवर, ते सतरंजीवर. त्या दिवशी दुःखाची पाच मुळं सांगत होते. अविद्या, मीपणा, आसक्ती, द्वेष, जिवाची भीती. म्हणाले, बाहेरचं कुणी दुःख देत नाही, सगळं आपल्याच मनात असतं.

डोळे मिटले की मला किसनचा हात दिसायचा. कसे मिटू?

किसन बाहत्तरच्या दुष्काळात गाव सोडून आलेला. कासारवाडीत आमच्या खोल्या शेजारी, कंपनीत प्रेस शेजारी. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायची. हात आत राहू नये म्हणून. पण माल भराभर निघेना. साहेब मला म्हणाले, किसनच्या प्रेसचं एक बटण दाबून तारेनं बांधून टाक, एका हातानं चालू दे. मी बांधलं. आठव्या दिवशी किसनची चार बोटं गेली.

"भावा, तार कुनी बांधली रं?" दवाखान्यात त्यानं विचारलं.

"ठाव न्हाई," मी म्हणालो. थू माझ्या जिनगानीवर!

आता साहेबांनी कागद केला होता. अपघात किसनच्या निष्काळजीपणामुळं. साक्षीदार म्हणून सही माझी. सही झाली की किसन कायमचा घरी.

"अविद्या म्हणजे खरं काय ते न कळणं," साहेब सांगत होते. माझं टाळकं फिरलं. अहो, मला सगळं कळत होतं. त्यांनाही कळत होतं. मला नडली ती भीती. विहारात लहानपणापासून ऐकलेलं, दुःखाचं कारण शोधा. ते दुसऱ्याच्या माथी मारा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठलो. 

"साहेब, तार मी बांधली. तुमी सांगितलं म्हनून. सही करनार न्हाई."

"खाली बस."

"न्हाई."

चौकशीत तेच सांगितलं. नोकरी गेली. किसनच्या दारात जाऊन त्यालाही सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि दार लावलं. पुन्हा बोलला न्हाई. बरोबरच हाय त्याचं.

भीती गेली म्हणाल तर न्हाई, खोटं कशाला बोलू? पण दुःखाचं मूळ आता मला कुणी शिकवायचं न्हाई. माझ्यातलं मी कबूल केलं. उरलेलं ज्याचं, त्याचं नाव जीव असेपर्यंत घेणार. त्याच्याच कंपनीच्या गेटवर उभा राहून.